‘नाव ऐकलं होतं तुमचं’ – पण कुठे?

प्रश्न : भोसरीत आमचा छोटा कारखाना आहे. सीएनसी मशीनवर लागणारी फिक्श्चर्स आम्ही बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे चाकण, रांजणगाव, वाळूजकडचे, गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने. दोन वर्षांपूर्वी मुलीने वेबसाइट केली, गूगलवर जाहिराती सुरू केल्या. आता दर महिन्याला रिपोर्ट येतो आणि त्यात जवळपास सगळ्या इन्क्वायऱ्या गूगलच्या नावावर असतात. पण समोरासमोर बसलं की प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतो, ‘नाव ऐकलं होतं तुमचं.’ कुठे ऐकलं, ते त्यालाही नीट सांगता येत नाही. मुलीचं म्हणणं, बेंगळुरूच्या इमटेक्स प्रदर्शनातला स्टॉल आता बंद करू, त्यातून काही येत नाही. रिपोर्टही तेच सांगतो. हे मोजायचं तरी कसं?
— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : रिपोर्ट खोटा नाही. पण तुम्ही त्याला विचारता एक आणि तो उत्तर देतो दुसऱ्याच प्रश्नाचं. माणसाने तुमच्यापर्यंत येताना शेवटचा क्लिक कुठे केला, एवढंच त्याला ठाऊक असतं. त्या क्लिकच्या सहा महिने आधी चाकणच्या एखाद्या कँटीनमध्ये काय बोलणं झालं, हे गूगलला कळायचं काही कारण नाही.

स्टॉलचा निकाल लावण्याआधी एक करा. गूगल जाहिरातींच्या खात्यात ‘सर्च टर्म्स’ नावाचा तक्ता असतो. लोकांनी काय टाइप केल्यावर तुमची जाहिरात दिसली, ते त्यात सापडतं. ‘हायड्रॉलिक फिक्श्चर मॅन्युफॅक्चरर पुणे’ असलं काही टाइप करून आलेले किती आणि थेट तुमच्या कंपनीचं नाव टाकून आलेले किती, हे वेगवेगळं मोजा. नाव टाकणाऱ्याला तुम्ही आधीच माहीत होतात. त्याला फक्त फोन नंबर हवा होता. नंबर शोधून देणाऱ्याने गिऱ्हाईक आणून दिलं असं आपण धरतो, आणि त्याचे पैसेही मोजतो.

ई-बे या बड्या कंपनीने याची परीक्षाच घेतली होती. 2012 मध्ये त्यांच्या अर्थशास्त्रज्ञांनी याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर, ‘ई-बे’ हेच नाव टाइप करणाऱ्यांना दाखवायच्या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीवरून येणारे ते लोक गेले कुठे? कुठेच नाही. जवळजवळ सगळे त्याच पानावरच्या फुकटच्या दुव्यावरून आत आले. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस या तिघांचा हा अभ्यास 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आला. पण त्यावरून लगेच जाहिराती बंद करायला जाऊ नका. ई-बे हे नाव अमेरिकेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तुमच्या नावावर उद्या प्रतिस्पर्ध्याने स्वतःची जाहिरात लावली, तर तुमचं गिऱ्हाईक तिकडे वळू शकतं. जाहिरात ठेवायची की काढायची हा निराळा हिशेब. नाव टाकून आलेल्या माणसाला ‘गूगलने आणला’ असं वहीत लिहू नका, एवढंच मी म्हणतो.

आता, खरा माग पुसला कुठे जातो? वेबसाइटवर कुणी आलं की तो कुठल्या पानावरून आला, हे ब्राउझर सहसा कळवतो. पण दुवा व्हॉट्सअ‍ॅपमधून उघडला, ईमेलच्या अ‍ॅपमधून उघडला, पीडीएफमधून उघडला, तर ही माहिती बहुतेकदा येतच नाही, आणि मोजणारं यंत्र त्या भेटीला ‘डायरेक्ट’ असं लेबल लावून मोकळं होतं. अ‍ॅलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने 2012 मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये या प्रकाराला ‘डार्क सोशल’ असं नाव दिलं. 2023 मध्ये स्पार्कटोरो या अमेरिकन संशोधन कंपनीने मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणांहून लोकांना एका पानावर पाठवून पाहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एकूण एक भेट ‘डायरेक्ट’मध्ये पडली. आपल्याकडे कोटेशनपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं, तेव्हा तुमच्या रिपोर्टमधल्या ‘डायरेक्ट’ या रकान्यात काय काय कोंबलेलं असेल, याची कल्पना करा.

आणि हे झालं दुव्याचं. तुमच्या धंद्यात दुवाच नसतो. कारखान्यात नवं मशीन येतं तेव्हा ते विकणाऱ्या कंपनीचा अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर सहज सांगून जातो, ‘फिक्श्चर अमक्याकडून करून घ्या.’ चाकणचा टूलरूमवाला नोकरी बदलून वाळूजला जातो, तो आपले वेंडर डोक्यात घेऊन जातो. एखादा सल्लागार, एखादा जॉबवर्कवाला, ट्रायलला आलेला सेल्स इंजिनिअर, सगळे नावं इकडून तिकडे नेत असतात. याची नोंद कुठल्याही यंत्रात होणार नाही, आणि खरं म्हणजे होऊही नये.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. ऐकतो एक, ठरवतो दुसरा आणि फॉर्म भरतो तिसराच. वेबस्टर आणि विंड या दोन अभ्यासकांनी 1972 मध्येच मांडून ठेवलंय की कारखान्यातली खरेदी कुणी एक माणूस करत नाही. वापरणारा वेगळा, सल्ला देणारा वेगळा, निर्णय घेणारा वेगळा, ऑर्डर काढणारा वेगळा, आणि बाहेरच्याला आत येऊ द्यायचं की नाही हे ठरवणारा आणखी वेगळा. तुमच्या वेबसाइटवर इन्क्वायरी टाकतो तो बहुधा परचेस खात्यातला एखादा नवा मुलगा. त्याला वरून नाव मिळालेलं असतं. तो ते गूगलवर टाकतो. त्याला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ विचाराल तर तो प्रामाणिकपणे ‘गूगल’ असंच सांगणार. चूक त्याची नाही. विचारायला हवं होतं त्याला नाव देणाऱ्याला.

विचारण्याचीही एक रीत आहे, आणि ती ज्यांनी घालून दिली ते मार्केटिंगवाले नव्हते. अमेरिकेत आयोवा राज्यात 1928 च्या सुमारास मक्याचं संकरित बियाणं बाजारात आलं. उत्पन्न जास्त, दुष्काळात तग धरणारं, पण दर वर्षी विकत घ्यावं लागणारं. घरच्या कणसातलं बी पुढच्या वर्षी पेरायची सवय असलेल्या शेतकऱ्याला हा मोठाच बदल होता. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या दोन गावांच्या परिसरातल्या 259 शेतकऱ्यांना भेटून विचारलं, हे तुम्ही कधी आणि कसं घेतलंत? 1943 मध्ये त्यांचा लेख छापून आला. मुलाखती झाल्या तोवर त्या 259 पैकी दोघे सोडून सगळ्यांनी ते बियाणं घेतलेलं होतं. शेतकरी म्हणजे धंद्यासाठी माल विकत घेणारा माणूसच, तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरसारखा. चुकला तर हंगाम जातो.

त्यांनी हुशारी केली ती अशी, की एका प्रश्नाचे दोन केले. पहिल्यांदा कुणाकडून कळलं? आणि घ्यायचं ठरवलंत ते कुणामुळे? दोन्हीची उत्तरं निराळी आली. पहिल्यांदा सांगणारा म्हणून सगळ्यात जास्त नाव निघालं बियाणं कंपनीच्या सेल्समनचं. ठरवायला लावणारा म्हणून मात्र शेजारी. त्यातही, सगळ्यांच्या आधी बियाणं घेणाऱ्यांवर सेल्समनचा प्रभाव जास्त होता आणि मागाहून घेणाऱ्यांवर शेजाऱ्याचा. म्हणजे पहिल्या काही जणांना सेल्समनने पटवलं, ते पीक कुंपणापलीकडून बाकीच्यांनी पाहिलं. आता समजा कंपनीने फक्त दुसराच प्रश्न विचारला असता, तर उत्तर आलं असतं ‘शेजारी’, आणि साहेबांनी हिशेब केला असता की सेल्समन काढून टाका, लोक आपापसातच विकतायत. तुमच्या स्टॉलच्या बाबतीत नेमकं हेच होऊ घातलंय.

रायन आणि ग्रॉस यांच्या आकड्यांतली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची. बियाण्याबद्दल पहिल्यांदा ऐकणं आणि ते घेणं यांत सरासरी काही वर्षांचं अंतर होतं. मार्चच्या रिपोर्टमध्ये जानेवारीचं प्रदर्शन शोधणं त्यामुळे फोल आहे. ऑस्ट्रेलियातल्या एहरेनबर्ग-बास संस्थेच्या जॉन डॉज यांनी 2021 मध्ये हाच मुद्दा साध्या गणिताने सांगितला. एखादी वस्तू कारखाने पाच वर्षांतून एकदा घेत असतील, तर एका वर्षात वीस टक्के घेणार आणि एका तिमाहीत पाच टक्के. उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांना आज तुमची गरजच नाही. स्टॉलवर आलेल्या शंभरातल्या पाचांचं काम असेल. बाकीचे ब्रोशर घेतात, पेढा खातात आणि जातात. त्यांच्या मॉडेलचा पार्ट बदलेल तेव्हा त्यांना तुम्ही आठवणार की नाही, हा प्रश्न आहे.

तर आता एक वही घाला. एक्सेल नको म्हणत नाही, पण वही टेबलावर दिसत राहते. इन्क्वायरी आली की तुमच्याकडचा जो माणूस गिऱ्हाइकाशी बोलतो त्यानेच विचारायचं, दोन वेळा आणि दोन वेगळ्या माणसांना. पहिल्यांदा कोटेशनच्या वेळी, फोन करणाऱ्याला : ‘आमचं नाव तुम्हाला कुणी दिलं?’ दुसऱ्यांदा ट्रायलच्या वेळी, मशीनजवळ उभ्या असलेल्या इंजिनिअरला : ‘आधी कुठे पाहिलं होतं आमचं काम? आणि यावेळी आम्हालाच द्यायचं कसं ठरलं?’ दुसरा प्रश्न ऑफिसात विचारू नका, मशीनजवळ विचारा. कूलंटच्या वासात माणूस खरं बोलतो.

वेबसाइटच्या फॉर्मवरही हा प्रश्न असू द्या, पण पर्यायांची यादी देऊ नका. यादीत वर ‘गूगल’ लिहिलंत तर निम्मे लोक काही न वाचता तेच टिचकवतील. रिकामी ओळ ठेवा. बरेच जण ती सोडून देतील, सोडू द्या. जे लिहितील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘पाटील साहेब आधी इथे होते, त्यांच्याकडून’ याचं ‘रेफरन्स’ असं भाषांतर वहीत करू नका. वर्षभरानंतर त्या वहीत एकच पाटील साहेब पाच ठिकाणी भेटतील, आणि तेच तुमचं सगळ्यात मोठं माध्यम निघेल. ऑर्डर न देणाऱ्यांनाही विचारा. ते जास्त मोकळेपणाने बोलतात.

मात्र गिऱ्हाइकाच्या आठवणीवर आंधळा विश्वास नको. इथे डॉक्टरांची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती या विषयातली माझी सगळ्यात आवडती आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या चार गावांत कोलमन, कॅट्झ आणि मेंझेल या तिघांनी टेट्रासायक्लिन हे नवं अँटिबायोटिक डॉक्टरांमध्ये कसं पसरलं, याचा अभ्यास केला. कोण कुणाचा मित्र, कोण कुणाचा सल्ला घेतो, हे त्यांनी विचारलं आणि औषधांच्या दुकानांतली प्रिस्क्रिप्शनं काढून कुणी कधी सुरुवात केली ते तपासलं. निष्कर्ष असा निघाला की डॉक्टर डॉक्टरकडून शिकतो. ज्याची ऊठबस जास्त तो लवकर लिहून देतो. पुढची कित्येक वर्षं ‘तोंडी प्रसिद्धी किती मोठी’ हे सांगायला या अभ्यासाचा हवाला दिला जायचा. मग 2001 मध्ये वॅन डेन बुल्ट आणि लिलियन यांनी त्याच काळातल्या वैद्यकीय नियतकालिकांतल्या जाहिरातींचे आकडे शोधून काढले आणि जुन्या आकड्यांना जोडले. जाहिरातींचा जोर हिशेबात धरताच मित्रांमुळे पसरल्याचा परिणाम आकड्यांतून नाहीसाच झाला. गावातल्या सगळ्या डॉक्टरांनी एकाच सुमारास सुरुवात केली, ती एकमेकांचं पाहून असं वाटलं होतं; पण सगळ्यांवर एकाच वेळी त्याच जाहिराती येऊन आदळत होत्या.

म्हणजे यंत्राचं ऐकलं तर सगळं गूगलमुळे, आणि माणसाचं ऐकलं तर सगळं ओळखीतून. दोघांनाही स्वतःपुरतं दिसतं. ‘मी जाहिरात बघून घेतलं’ हे कुठला इंजिनिअर कबूल करेल? ओळखीतून घेतलं म्हणण्यात प्रतिष्ठा आहे.

तपासायचा खरा मार्ग म्हणजे एक गोष्ट बंद करून किंवा वाढवून बघणं, पण तुमच्यासारख्या कारखान्याला त्यात एक अडचण आहे, आणि सल्लागार मंडळी ती सांगत नाहीत. आकडे फार लहान आहेत. महिन्याला सरासरी पाच इन्क्वायऱ्या येत असतील, तर एखाद्या महिन्यात तीन आणि एखाद्यात सात येणं हे नुसत्या योगायोगानेही होतं. त्याचा अर्थ लावत बसू नका. वर्षाला साठ येत असतील तर सात-आठने वर-खाली झालं तरी तो योगायोग असू शकतो. जानेवारीत जाहिरात बंद केली, फेब्रुवारीत दोन इन्क्वायऱ्या कमी आल्या, घाबरून मार्चमध्ये परत सुरू केली, असं करणाऱ्याला काहीच कळत नाही. करायचंच असेल तर भाग पाडा. वाळूजकडे एक वर्ष माणूस फिरवा, रांजणगावकडे फिरवू नका. वर्षअखेरीस दोन्हीकडच्या इन्क्वायऱ्यांचं प्रमाण आधीच्या दोन-तीन वर्षांशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर तो डोळ्यांना दिसेल. लहान असेल तर तुमच्या आकड्यांत तो सापडणार नाही, आणि मग त्यासाठी झोप घालवू नका.

आता स्टॉल. मेटल कटिंगचं इमटेक्स विषम वर्षी भरतं, म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत विचाराला वेळ आहे. गेल्या दोन प्रदर्शनांत जमा झालेली व्हिजिटिंग कार्डं कुठेतरी डब्यात पडली असतीलच. ती काढा. शेजारी त्यानंतरच्या तीन वर्षांतल्या परचेस ऑर्डरची यादी ठेवा. कार्डावरचा माणूस आणि ऑर्डर देणारा माणूस जुळवू नका, तो जुळणार नाही. कंपनी जुळवा. स्टॉलवर आलेल्या कंपन्यांपैकी किती जणांनी नंतर कोटेशन मागितलं? आणि तुमच्याच भागातल्या, तितक्याच आकाराच्या, पण स्टॉलवर न आलेल्या कंपन्यांपैकी किती जणांनी? स्टॉलवर येणारे आधीच तुम्हाला ओळखणारे असू शकतात, त्यामुळे हाही निकाल निखळ नाही. पण ‘त्यातून काही येत नाही’ यापेक्षा पुष्कळ बरा.

जाता जाता, प्रत्येक फिक्श्चरवर तुमची पितळी पाटी असेल. तिच्यावर ऑफिसचाच नंबर आहे का? एक वेगळा मोबाइल नंबर घ्या आणि तो फक्त पाटीवर टाका, दुसरीकडे कुठेही नको. तुमचं फिक्श्चर दहा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात मशीनवर उभं असतं, ऑडिटला येणारा प्रत्येक माणूस ते बघतो. त्या नंबरवर वर्षात दहा फोन आले, तरी तुमच्या कामाची जाहिरात कोण करतंय ते कळेल. महिन्याचा खर्च एका रिचार्जचा.

प्रश्न : मी बाणेरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मार्केटिंग बघते. आम्ही कारखान्यांसाठी इन्व्हेंटरीचं सॉफ्टवेअर विकतो. लिंक्डइनवर आमच्या सरांच्या पोस्ट आणि एक पॉडकास्ट चालतो. लोक प्रत्यक्ष भेटीत त्याचा उल्लेख करतात, पण डॅशबोर्डवर त्याच्या नावाने एकही लीड नाही. सर म्हणतात, आकडा दाखव नाहीतर पॉडकास्ट बंद. मी काय दाखवू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पॉडकास्ट माणूस गाडी चालवताना ऐकतो. सिंहगड रोडला अडकलेला असताना तो कुठे क्लिक करणार? तुमच्या माध्यमात क्लिकच नाही आणि सर क्लिक मागतायत, हे आधी त्यांच्याशी स्पष्ट बोला.

त्यानंतर तीन गोष्टी दाखवता येतील. पहिली, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये तुमच्या कंपनीचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव शोधणाऱ्यांना तुमची साइट किती वेळा दिसली ते कळतं. हा आकडा दर आठवड्याला उतरवा आणि शेजारी त्या आठवड्यात काय केलं ते लिहा : अमुक पाहुण्यांचा भाग आला, अमुक पोस्ट खूप पसरली, प्रदर्शन होतं, सुट्टी होती. नोकरी शोधणारेही तुमचं नाव शोधतात, तेवढं लक्षात ठेवा. भरती चालू असेल तर आकडा फुगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मॅड्रिगलच्या ‘डार्क सोशल’वरच्या लेखातलीच युक्ती. ‘डायरेक्ट’ आलेल्यांपैकी जे मुखपृष्ठावर आले ते बाजूला काढा. जे थेट एखाद्या आतल्या, लांबलचक पत्त्याच्या लेखावर उतरले त्यांनी तो पत्ता हाताने टाइप केलेला नाही, हे उघड आहे. काहींनी तो जपून ठेवलेला असेल, पण बाकीच्यांना तो कुणीतरी पाठवला. कुठला लेख जास्त पाठवला जातोय ते यातून कळतं, आणि सरांनी पुढचा भाग कशावर करावा हेही. चॅटजीपीटीला ‘लहान कारखान्यासाठी चांगलं इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर कुठलं?’ विचारून तुमचं नाव मिळालेला माणूसही पुष्कळदा नुसतं नाव टाकूनच येतो, त्यामुळे नाव शोधून येणाऱ्यांचा आकडाही फुगतच जाणार आहे.

तिसरी आणि सगळ्यात वजनाची : डेमोचं बोलणं. तुमचे सेल्सवाले डेमो देतात तेव्हा कॉलचं रेकॉर्डिंग होत असेल, गिऱ्हाइकाला सांगूनच होत असेल असं धरतो. गेल्या वर्षी करार झालेल्या पंधरा-वीस गिऱ्हाइकांच्या पहिल्या कॉलची पहिली दहा मिनिटं ऐका. ‘तुमच्या सरांचा तो एपिसोड ऐकला’ असं कोण म्हणालं, ‘आमच्या सीएने सुचवलं’ असं कोण म्हणालं, हे शब्दशः टिपून काढा. मग डॅशबोर्डवर त्याच गिऱ्हाइकांपुढे काय लिहिलंय ते शेजारी मांडा. तक्त्याचा आकार वीस ओळींचा, पण सरांवर त्याचा परिणाम होईल. कारण त्यात त्यांना माहीत असलेली माणसं असतील.

एक सल्ला न मागता देतो. ‘पॉडकास्टमुळे इतके लाख आले’ असा नेमका आकडा काढून दाखवू नका. सर खूश होतील, आणि पुढच्या तिमाहीत तोच आकडा दुप्पट मागतील.

प्रश्न : गिऱ्हाइकापर्यंत नाव कुठून पोचलं हे न कळण्याचा घोळ इंटरनेटमुळे निर्माण झालेला आहे का? आमच्या लहानपणी सांगलीकडे किर्लोस्करांचा नांगर सगळ्यांना माहीत होता. त्याची जाहिरात पाहिल्याचं मात्र आठवत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : जाहिरात तुम्ही पाहिली असेलच, पण ती जाहिरात वाटली नसेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीचे नांगर खपता खपत नव्हते. पुढे 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. ते मुळात कारखान्याचंच पत्रक होतं, गिऱ्हाइकं आणि एजंट यांच्यासाठी. त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, जोडीला 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आलं, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी नांगर नसतानाही ही मासिकं येत होती. ‘खबर’मुळे नांगर किती खपले, हे कोणत्या हिशेबाने काढणार? वाचणारा एक, ऐकणारे दहा, आणि विकत घेणारा त्यातलाच कुणी, दोन पेरण्यांनंतर.

अमेरिकेत 1958 मध्ये मॅकग्रॉ-हिल या प्रकाशन कंपनीने औद्योगिक मासिकांत जाहिरात द्यावी म्हणून स्वतःचीच एक जाहिरात केली, ती मार्केटिंगच्या वर्गांत अजून दाखवतात. लाकडी खुर्चीत बसलेला, बो-टाय लावलेला टकला खरेदीदार थेट आपल्याकडे रोखून बघतोय. त्याचं म्हणणं, मला तुम्ही माहीत नाही, तुमची कंपनी माहीत नाही, तुमचा माल माहीत नाही, तुमची गिऱ्हाइकं माहीत नाहीत. बोला, काय विकायला आलात? सेल्समन दारात उभा राहण्याआधी नाव पोचलेलं असावं, हा मुद्दा त्या एका चेहऱ्यात होता. इंटरनेटने फरक केला तो एवढाच की आधी आपल्याला मोजता येत नाही हे माहीत होतं. आता स्क्रीनवर आकडे दिसतात, म्हणून मोजलं गेलं असं वाटतं.

प्रश्न : आमच्या भागातल्या मेंटेनन्स मॅनेजर लोकांचा एक मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे कुठला पंप चांगला, कुठला सप्लायर रडवतो, सगळं चालतं. त्यात आमचा एक माणूस मेंटेनन्सवाला म्हणून घुसवला तर आमच्याबद्दल काय बोलतात ते रोज कळेल. करावं का?
— एक पंप विक्रेता, नाशिक

उत्तर : करू नका. एक तर तो फार दिवस लपणार नाही. अंबड-सातपूरमध्ये कोण कुठे कामाला आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि पकडला गेला की ‘कुठला सप्लायर रडवतो’ या चर्चेला पुढचे सहा महिने तुमचंच नाव पुरेल. दुसरं, ते लोक तिथे मोकळं बोलतात ते विक्रेता नाही म्हणूनच. त्यांच्या बोलण्याचे आणि नंबरांचे स्क्रीनशॉट तुमच्या ऑफिसात जमा व्हायला लागले, तर 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचाही प्रश्न उभा राहतो.

त्यापेक्षा तुमच्या रिपीट गिऱ्हाइकांपैकी जो त्या ग्रुपमध्ये आहे त्याला सरळ विचारा, ‘आमच्याबद्दल तिथे शेवटचं काय आलं होतं?’ तो सांगेल. सील लवकर जातात असं आलं असेल तर तेही सांगेल, आणि हेर लावून तुम्हाला जे कळणार होतं ते एका चहाच्या पैशात कळेल. नाव कुठून येतंय याची नोंद ठेवायची असेल तर तुमच्या सर्व्हिसच्या मुलाकडे जॉब कार्डवर एक ओळ वाढवून द्या : पंप कुणी सुचवला होता? तो मोटर खोलून बसलेला असतो तेव्हा मेंटेनन्सवाला शेजारी उभाच असतो. उत्तर लगेच मिळतं. आणि ते सीलचं मात्र आधी बघा.